पोस्टरवरची वेळ

बर्फाचे शेवटचे काळपट ढिगारे पार्किंग लॉटच्या कोपऱ्यातून दिसेनासे झाले, की आमच्या दुकानात पोस्टरांचा मोसम सुरू होतो. उन्हाळा जवळ आल्याचं इथे जो तो आपापल्या खुणेने ओळखतो. शेजारच्या बाई ट्यूलिपवरून ओळखतात. माझा नवरा विल्सन विंटर टायर्स काढून बेसमेंटमध्ये एकावर एक रचतो आणि कंबर धरून जाहीर करतो, की संपला एकदाचा विंटर. मी ओळखते ते पिवळ्या शाईवरून. हिवाळाभर आमच्या मशिनांना काळी शाई पुरते. टॅक्सवाल्यांची पत्रकं, शोकसभांची कार्डं, हरवलेल्या मांजरांच्या नोटिसा. मे लागला की पिवळी, केशरी, लाल शाई भराभर संपू लागते. पोर्तुगीज चर्चची जत्रा, फिलिपिनो लोकांची पिकनिक, कुणाचं क्रिकेट, कुणाचं बार्बेक्यू. कॅनडातल्या केंब्रिजसारख्या कारखान्यांच्या गावात एवढी हौशी माणसं हिवाळाभर कुठे लपून बसलेली असतात, हे कोडं मला दरवर्षी पडतं.

परवा दुकानाचं दार कुणीतरी उघडं ठेवलं आणि वाऱ्याबरोबर लायलॅकच्या फुलांचा वास आत आला. मी नुकत्याच छापलेल्या कागदांची चळत नीट करत होते. ताज्या छापील कागदाला ऊब असते आणि किंचित करपल्यासारखा वास असतो. ते दोन वास एकमेकांत मिसळले आणि मला ग्रासिएला आठवली. म्हणजे ती दर मे महिन्यात आठवतेच, पण यंदा तिची आठवण निघायला आणखी एक कारण होतं. ते पुढे सांगते.

आठ उन्हाळे झाले. त्याआधी मी गाड्यांच्या मोठ्या प्लँटच्या कॅन्टीनमध्ये होते आणि या प्रिंट शॉपमध्ये अगदी नवीन लागले होते. दुकानाचे मालक एक म्हातारे पोर्तुगीज गृहस्थ. त्यांना मी वसईच्या सवयीने अंकल म्हणायला लागले आणि तेही निमूटपणे ओ द्यायला लागले. अंकलनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "दुकानाबाहेर गेलेली चूक परत आत येत नाही. म्हणून दोनदा वाच. चूक दिसली तर कस्टमरला विचार. कस्टमर सापडला नाही तर डोकं वापर." मी हे इतकं मनावर घेतलं की घरी दुधाच्या पिशवीवरचं सुद्धा दोनदा वाचू लागले. माझी लेक मेलिसा वैतागून म्हणायची, "मॉम, इट्स जस्ट मिल्क."

आणि मग एके सकाळी ग्रासिएला आली. साठीची, बुटकी, केसांना तांबूस रंग, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कानाला फोन आणि काखेत एक फुगलेली, रबरबँड लावलेली वही. मूळची कोलंबियाची. तिने काउंटरवर एक चिठ्ठी ठेवली, माझ्याकडे बघून हसली आणि फोनवर कुणाला तरी स्पॅनिशमध्ये रागावत राहिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चर्चचा हॉल, रविवार, बँडचं नाव, दुपारी एक वाजता. खाली नाचणाऱ्या बाईचं तिनेच काढलेलं चित्र. त्या बाईला तीन हात होते.

फोन संपल्यावर मी विचारलं, "तुम्ही गाता?"

"नो."

"वाजवता?"

"एकदा मराका हातात घेतल्या होत्या. लोकांनी काढून घेतल्या."

"मग नाचता?"

तिने गुडघ्यावर थाप मारली. "हे बघ आणि सांग."

"मग तुम्ही करता तरी काय?"

"मी?" तिने जरा विचार केला. "आय मेक इट हॅपन, आमिगा." आमिगा म्हणजे मैत्रीण. पाच मिनिटांच्या ओळखीत मला कॅनडात आजवर कुणी मैत्रीण केलेलं नव्हतं.

हे उत्तर काही माझ्या डोक्यातून जाईना. जो गात नाही, वाजवत नाही, नाचत नाही, त्याच्यामुळे गाणं-बजावणं होतं म्हणजे नेमकं काय होतं? माझे पप्पा वसईला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या बँडबरोबर आगुस्तीनकाका नावाचे एक गृहस्थ असायचे. त्यांच्या हातात कधी वाद्य नसायचं, फक्त डायरी. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वरात निघाली की सगळे घाम गाळत वाजवत चालायचे आणि आगुस्तीनकाका बाजूने छत्री घेऊन. जेवायच्या वेळी मात्र पहिल्या पंगतीला. आम्ही पोरं त्यांना फुकटे म्हणायचो. ग्रासिएलाला भेटल्यावर चाळीस वर्षांनी मला पहिल्यांदा वाटलं, की त्या डायरीत काय लिहिलेलं असायचं ते एकदा बघायला हवं होतं.

ग्रासिएलाची वही मात्र मला बघायला मिळाली. म्हणजे तिने दाखवली. वाचायची म्हटलं तर ती स्पॅनिशमध्ये होती. ती प्रमोटर होती, बँड बोलवायची, हॉल ठरवायची, व्हिसाची पत्रं लिहायची, एअरपोर्टवर गाडी घेऊन जायची. शिवाय दोन-तीन कलाकारांची ती मॅनेजर होती. मला वाटलं वहीत फोन नंबर असतील. "नंबर फोनमध्ये," ती म्हणाली. "हे वेगळं आहे." एकेका माणसाला एकेक पान. हा ट्रम्पेटवाला गायकाशेजारी गाडीत बसवायचा नाही, दोघांचं बहिणीवरून बिनसलं आहे. याला विमानाची भीती वाटते, उतरल्यावर लगेच बोलू नये. हिला स्टेजवर जाण्याआधी 'छान दिसतेस' म्हटलेलं चालत नाही, रडू येतं. ह्याच्या आईचं ऑपरेशन झालं आहे, विचारायला विसरू नये. तिच्या ओळींवरून बोट फिरवत ती मला हे इंग्रजीत सांगत होती आणि मी प्रिंटर तापत ठेवून ऐकत होते.

"माणूस बिघडला की शो बिघडतो," ती म्हणाली. "आणि माणूस बिघडला तर दोष माणसाचा नाही. माझा. मला आधी माहीत असायला हवं होतं."

तेव्हा हे मला अतिच वाटलं. प्लँटच्या कॅन्टीनमध्ये सूप खारट झालं तर आम्ही तीन जणींकडे बोट दाखवायचो.

तिची सगळ्यात लाडकी गायिका होती लुसिया. इक्वेडोरची, सत्तावीस वर्षांची, एका बेकरीत कामाला. आमच्याच चर्चमध्ये साडेदहाची इंग्रजी मिस्सा संपली की साडेबाराला स्पॅनिश मिस्सा असते. तिथे लुसिया स्तोत्र गायची. ग्रासिएलाने तिला तिथे हेरलं होतं. मी एका रविवारी मुद्दाम थांबून ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण मधल्या एका ओळीत तिचा आवाज असा काही खाली उतरला की विल्सन मोबाईल खिशात ठेवून ताठ बसला. बाहेर आल्यावर मी ग्रासिएलाला म्हटलं, "मिस्सा सुंदर झाली." ती म्हणाली, "मिस्सेचं मला माहीत नाही. मी प्रार्थनेला येत नाही, ऐकायला येते. देवाला माहीत आहे, त्याची हरकत नाही."

त्या उन्हाळ्याचे माझ्याकडे असे तुकडेच आहेत. दुकानाच्या मागच्या दाराशी आम्ही दोघी खोक्यांवर बसून भाजलेली कणसं खातोय. ती त्यावर चीज किसून घालते, मी लिंबू-मीठ-तिखट लावते, आणि दोघी एकमेकींचं चाखून 'नॉट बॅड' म्हणतोय. गाडीच्या डिकीत पोस्टरांच्या गुंडाळ्या, गोंदपट्टी आणि झोपलेला एक ड्रम. लाँड्रोमॅट, ग्रोसरी, न्हाव्याचं दुकान, सगळीकडे ती आत शिरताना हातात पोस्टर आणि तोंडात त्या माणसाच्या मुलाबाळांची नावं. जुलैत चर्चच्या हॉलमधल्या तिच्या नाचाला मी आणि विल्सन गेलो. पोस्टरवर दुपारचा एक. आम्ही एकला पाच मिनिटं असताना हजर. हॉलमध्ये ग्रासिएला एकटी फरशी पुसत होती. "अरे, आलात!" ती म्हणाली आणि विल्सनच्या हातात दुसरा मॉप दिला. माणसं आली तीन वाजता, पण आली ती हॉल गच्च भरून. विल्सन घरी येताना म्हणाला, "काय लोकं आहेत! प्लँटला दोन मिनिटं लेट झालो तर लाइन थांबते, आणि हे टू अवर्स लेट येऊन वर हसतायत." मीही मान डोलावली. लोक उशिरा येतात एवढं मला कळलं. ते पोस्टरलाही ठाऊक असतं, हे मात्र कळलं नाही.

त्याच दिवशी मी आणखी एक पाहिलं. बँड सुरू झाला, लुसिया गायला लागली, सगळे स्टेजकडे वळले, आणि ग्रासिएला स्टेजकडे पाठ करून उभी राहिली. पूर्ण वेळ. भिंतीला टेकून ती नाचणाऱ्यांचे चेहरे बघत होती. मी जाऊन विचारलं, "तिचं गाणं बघत नाही?" "ते मला पाठीला ऐकू येतं," ती म्हणाली. "इकडे बघ, त्या निळ्या शर्टवाल्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा आलाय. बायको गेल्यापासून आलाच नव्हता." निळा शर्टवाला कडेला उभा राहून फक्त बुटाने ठेका धरत होता. ग्रासिएला त्या बुटाकडे बघत होती.

ऑगस्टमध्ये नदीकाठच्या पार्कात तिचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम व्हायचा होता. त्या वर्षी त्याला जास्तच महत्त्व आलं होतं, कारण माँट्रियालहून एक माणूस लुसियाला ऐकायला येणार होता. तिकडच्या मोठमोठ्या उत्सवांत कुणाला उभं करायचं हे तो ठरवायचा. ग्रासिएला तीन वर्षं त्याच्या मागे होती. बँड चारला सुरू होणार, लुसिया पाचला गाणार, आणि सहाच्या आत त्याला एअरपोर्टला निघायचं होतं. "एकदा त्याने तिला गर्दीसमोर बघितलं ना," ग्रासिएला म्हणाली, "की तिला पहाटे चारला पाव भाजायला जावं लागणार नाही." लुसिया शेजारी उभी होती. ती क्रॉसच्या साखळीशी चाळा करत राहिली. तिची बोटं भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेली होती.

पोस्टरची चिठ्ठी ग्रासिएलाने एका गुरुवारी घाईघाईत टाकली आणि त्याबरोबर सिटीच्या परमिटची झेरॉक्स काढायला दिली. "दोन तासांत घ्यायला येते, एअरपोर्टवर बँड उतरतोय," असं म्हणत ती गेली. मी नियमाप्रमाणे चिठ्ठी दोनदा वाचली. दुपारी दोन वाजता. मग परमिट वाचलं. संगीत दुपारी चारपासून. पुन्हा चिठ्ठी. दोन. पुन्हा परमिट. चार.

एवढी मोठी चूक! लोक दोनला येणार, ऑगस्टच्या उन्हात लहान मुलं घेऊन दोन तास गवतावर तळत बसणार, आणि शिव्या कुणाला खाव्या लागणार, तर ग्रासिएलाला. मी फोन लावला. व्हॉइसमेल भरलेला. पुन्हा लावला. अंकल त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. मशीन रिकामं होतं आणि पोस्टरं दुपारीच हवी होती. मग मी डोकं वापरलं. दोनाचे चार केले.

ग्रासिएला आली, गरम गुंडाळ्या काखेत मारल्या, माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली. उघडून बघितलंसुद्धा नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी तिला सांगणार होते, की बाई गं, वाचवलं तुला. पण दुकानात रांग लागली होती, आणि मग वाटलं, कशाला उगीच मिरवायचं. तेच चित्र तिने फेसबुकवर टाकलं, तेच बेकरीच्या दारावर लावलं, तेच न्हाव्याच्या आरशावर; स्वतः लिहिलेलं पुन्हा कोण वाचतं!

त्या रविवारी आकाश स्वच्छ निळं होतं. चार वाजता बँड सुरू झाला तेव्हा मैदानात माणसं होती अकरा. पाच वाजता तीस, आणि त्यातले सहा विल्सन आणि त्याच्या शिफ्टमधले मित्र, सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत घडीच्या खुर्च्या मांडून बसलेले. बाकी सगळं गवत. भाजलेल्या कणसांचा धूर सरळ वर जात होता, त्याला इकडेतिकडे वळवायला सुद्धा कुणी नव्हतं. माँट्रियालचा माणूस पांढऱ्या हॅटमध्ये आला, उभा राहिला, आणि त्याची नजर स्टेजपेक्षा गवतावरच जास्त फिरत राहिली.

ग्रासिएला माझ्याजवळ फाटकाशी आली. फाटकाला एक पोस्टर चिकटवलेलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि वाचत राहिली. एक ओळ वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होते काहीतरी, पण त्याच क्षणी मला आगुस्तीनकाका आठवले. पप्पांच्या बँडमधला ढोलवाला कायम उशिरा यायचा. वरात सहाला निघायची असली की आगुस्तीनकाका त्याला सांगायचे, चारला ये. आणि आमच्या वसईच्या रिसेप्शनच्या पत्रिका! पत्रिकेवर सात छापलेलं असताना खरोखर सातला हॉलवर पोचलेला माणूस एकतर केटररचा असतो नाहीतर फार भुकेला. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. कॅनडात येऊन, प्रिंट शॉपच्या काउंटरमागे उभी राहून मी ते साफ विसरले होते. दोन हीच खरी वेळ होती. चार छापल्यावर लोक सहालाच येणार होते.

ग्रासिएला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टेजकडे गेली, लुसियाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि परत येऊन आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, मागे, स्टेजकडे पाठ करून. समोर बघायला चेहरेच नव्हते. ती क्षणभर त्या हिरव्यागार मोकळ्या जागेकडे बघत राहिली. आणि मग सावकाश वळली. मी तिला तेवढ्या एकदाच पाहिलं, स्टेजकडे तोंड करून, हात छातीशी बांधून, एखाद्या साध्या श्रोत्यासारखी लुसियाचं गाणं ऐकताना.

लुसिया काय गायली! मिस्सेतल्यासारखाच तिचा आवाज एकदम खाली उतरला, मग वर गेला, आणि पहिल्या रांगेतले प्लँटवाले टाळ्या वाजवायचे विसरले. मला रडू येत होतं आणि ते गाण्यामुळे आहे असं मी स्वतःला सांगत होते.

पाच चाळीसला माँट्रियालच्या माणसाने हॅट नीट केली. "त्रे बियाँ, त्रे बियाँ," तो ग्रासिएलाला फ्रेंचमध्ये म्हणाला. "आवाज छान आहे. पण लोक? आय नीड समबडी हू ब्रिंग्ज पीपल." आणि तो गेला. त्याची टॅक्सी पार्कच्या वळणावर होती तेव्हा समोरून पहिली व्हॅन आली. मग दुसरी. कूलर, बाबागाड्या, आज्या, फुगे, कोंबडीचे ट्रे. सव्वासहाला पाय ठेवायला जागा नव्हती. लुसिया पुन्हा गायली, घसा बसलेला होता तरी गायली, आणि सगळं मैदान नाचलं. निळ्या शर्टवाल्याने तर त्या दिवशी कुठल्याशा बाईंचा हात धरला होता. ग्रासिएलाने स्टेजकडे पाठ केली आणि त्यांचे चेहरे बघितले.

मी तिला कधीच सांगितलं नाही. नंतरची किती तरी पोस्टरं मी छापली, चिठ्ठीत असेल तसं, अक्षरही न बदलता. ती नेहमीसारखी हसायची, मुका घ्यायची. तिला ठाऊक होतं का? की तिला वाटलं, घाईत आपणच चार लिहिलं असेल? तिची ती चिठ्ठी, नेहमीसारखं तीन हातांच्या बाईचं चित्र काढलेली, मी फेकली नाही. काउंटरच्या खणात पावत्यांच्या खाली ठेवली. दरवर्षी मे महिन्यात खण साफ करताना ती वर यायची. दोन वाजता. ठसठशीत दोन. मी पुन्हा खाली ढकलायचे. विल्सन म्हणायचा, "अगं, सांगून टाक ना. व्हॉट विल शी डू, आता?" पण मला भीती रागाची नव्हती. ती म्हणेल 'काही हरकत नाही', आणि तेवढ्यावर ते मिटेल, याची होती. लुसिया पहाटे चारला बेकरीत जातच होती.

दोन वर्षांपूर्वी ग्रासिएलाचे गुडघे पार गेले आणि ती हॅलिफॅक्सला मुलीकडे राहायला गेली. समुद्र दिसतो, फेरीबोटीत बसता येतं, पण कुणाच्याही मुलांची नावं माहीत नाहीत, अशी तिची तक्रार असते. त्यानंतर पोस्टरं थांबली. मला वाटलं, ते सगळं संपलं.

आणि परवा लायलॅकच्या वासाबरोबर दुकानात जी आली ती लुसिया. काखेत तीच फुगलेली वही, नवा रबरबँड. ऑगस्टचा कार्यक्रम यंदापासून ती करणार आहे. दोन बँड, एक नवा गायक, हॅमिल्टनचा. बेकरी तिने सोडली आहे.

"तू नाही गाणार?" मी विचारलं.

"शेवटी एखादं."

"वाईट नाही वाटत?"

तिने खांदे उडवले. "सम डेज येस. सम डेज नो." मग हसून म्हणाली, "पण त्या दिवशी रिकाम्या मैदानात पहिल्यांदाच ग्रासिएला माझ्याकडे बघत होती. इतकं मन लावून पुन्हा कुणी ऐकलं नाही. मला वाटलं, असं ऐकायला कसं शिकतात ते बघावं."

तिच्यापासून आता लपवणं मला जमेना. मी खण उघडला, पावत्यांच्या खालून चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. परमिट, व्हॉइसमेल, दोनाचे चार. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य कसं दिसत नाही याचं मलाच आश्चर्य वाटत होतं. बोलून झाल्यावर तिने वहीचा रबरबँड काढला, पानं उलटली आणि एक पान माझ्याकडे फिरवलं. वर नाव होतं. माझं.

"मी? पण मी कुठे कलाकार?"

"तिच्या वहीत सगळेच आहेत," लुसिया म्हणाली आणि एकेक ओळीवर बोट ठेवून मला इंग्रजीत सांगत गेली. मी ते मनात मराठीत ऐकत होते. आयरिन. प्रिंट शॉप. कणसाला लिंबू लावते. कधी उशीर करत नाही. कागदावर खोटं लिहवत नाही तिला. अशा माणसाला वेळ सांगताना कारण आधी सांगायचं. मी सांगितलं नाही. चूक माझी.

खाली त्या ऑगस्टमधल्या रविवारची तारीख होती.

मी ती शेवटची ओळ पुन्हा विचारली. लुसियाने पुन्हा सांगितली. आठ वर्षं मी जे खणात ढकलत होते, ते तिने त्याच संध्याकाळी स्वतःच्या नावावर लिहून टाकलं होतं. माणूस बिघडला तर दोष माणसाचा नाही, असं ती वही दाखवताना म्हणाली होती, आणि मला वाटलं होतं ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपुरतं आहे.

लुसिया गेली. जाताना नव्या पोस्टरची चिठ्ठी ठेवून गेली. मी ते पोस्टर स्वतः बसवलं, भरपूर पिवळा रंग घातला, नाचणारी बाई काढली आणि तिला आग्रहाने तीन हात दिले. वेळेच्या जागी येऊन जरा थांबले. मग चिठ्ठीत होतं तेच टाकलं. अंकल आता दुकानात फारसे येत नाहीत, नाहीतर त्यांना दाखवलं असतं, की दोनदा वाचूनही मी हे असंच सोडते आहे.

दुपारी काम आटपल्यावर मी फोन लावला. हॅलिफॅक्सचं घड्याळ आमच्याहून एक तास पुढे चालतं, तिची चहाची वेळ झाली असणार. तिचा आवाज बारीक झाला आहे, पण घाई तीच.

"आमिगा! लुसिया आली होती ना? पोस्टर झालं?"

"झालं."

"वेळ काय टाकलीस?"

"दोन."

"आणि बँड?"

"चारला."

ती पलीकडे समाधानाने हुंकारली. मी खुर्ची ओढून बसले. "ग्रासिएला," मी म्हटलं, "त्या वर्षीचं ते पोस्टर. चार मी केले होते. मला तुला सांगायचं होतं. सॉरी."

पलीकडे मागे कुठेतरी फेरीचा भोंगा वाजला. मग ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली.

"आठ वर्षं!" ती म्हणाली. "मी तर लिहून ठेवलं होतं, ही बाई कधी उशीर करत नाही. लुसियाला सांग, वहीत तेवढं खोडायला."